मधे कोण बसणार?

आमच्या नाशिकच्या गंगापूर रोडवरच्या सोसायटीत संध्याकाळी बाकांवर जी मंडळी बसतात, त्यांतल्या बऱ्याच जणांची मुलं परदेशात आहेत. त्यामुळे व्हिसा, तिकडची थंडी आणि नातवंडांचं मराठी यांच्या जोडीनं एक विषय हमखास निघतो : तिकडे आजारी पडलो तर? पैशांची धास्ती असतेच, पण ती इन्शुरन्सच्या भरवशावर थोडी आवरता येते. डॉक्टरसमोर बसल्यावर सांगायचं कसं, ही धास्ती आवरत नाही. आयुष्यभर इंग्रजीत कारकुनी केलेला माणूसही पोटात कळ आली की मराठीतच कण्हतो.

या विषयावर आमच्या घरात दोन टोकांची मतं आहेत आणि ती टोकं नात्यानं नणंद-भावजय आहेत. मामी नाशिकची, शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली. मुलगा जर्मनीत, स्टुटगार्टला. मावशी बरीच वर्षं इंग्लंडमध्ये जी.पी. आहे, म्हणजे तिथली फॅमिली डॉक्टर. मामीचं म्हणणं, परदेशात बिऱ्हाड मांडायचं तर आधी आपल्या भाषेचा डॉक्टर हुडकावा, मग घर बघावं. मावशीचं म्हणणं, आपल्या भाषेचा डॉक्टर ही चैन आहे, आणि कधी कधी तोटाही. मावशी दिवाळीला आली होती तेव्हा दोघींची जी जुंपली ती इथे देतो. मामी एरवी मावशीला ‘अगं तुगं’ करते. चिडली की ‘वन्सं’ आणि ‘तुम्ही’वर येते. वाचताना एवढं लक्षात असू द्या.

मामी : स्टुटगार्टला पोट दुखलं म्हणून गेले, तो डॉक्टर वाईट नव्हता गं. हसतमुख होता, इंग्रजीही बोलायचा. पण त्याचं इंग्रजी जर्मन वळणाचं आणि माझं आडगाव नाक्याचं. बाहेर काउंटरवरच्या बाईला तर जर्मनशिवाय काही चालत नव्हतं. आत गेल्यावर मला विचारलं, दुखणं एक ते दहामध्ये किती? म्हटलं, पाच. पेपर तपासताना शंका आली की मी पाचच द्यायचे.

मावशी : आम्हीही तेच विचारतो.

मामी : विचारा की. पण ठणकतंय का चमक मारते, उपाशीपोटी दुखतं का जेवल्यावर, हे कोण विचारणार? आकड्यात माझं पोट मावत नाही.

मावशी : वहिनी, नाशिकचा कुठला डॉक्टर आता एवढं विचारतो? बाहेर ही गर्दी असते. तू खुर्चीत टेकेपर्यंत त्याचं अर्धं प्रिस्क्रिप्शन लिहून झालेलं असतं. भाषा एक असली म्हणजे तो ऐकतो, हे कुणी सांगितलं तुला?

मामी : ऐकत नसेल, पण मी बोलते तरी. तिथे मला बोलताच येत नव्हतं.

मावशी : बरं, तुझ्या बाजूचा पुरावा मीच देते. कॅनडात, ऑन्टारिओत एक मोठा अभ्यास झाला, २०२२ साली छापून आला. घरी शुश्रूषा चालू असलेली, अशक्त झालेली माणसं हॉस्पिटलात दाखल झाली तेव्हा त्यांना स्वतःच्या भाषेचा डॉक्टर मिळाला की नाही, हे तपासलं. ज्यांची भाषा इंग्रजीही नाही आणि फ्रेंचही नाही, त्यांना आपल्या भाषेचा डॉक्टर मिळाला, तर हॉस्पिटलात मरण येण्याची शक्यता निम्म्याहून कमी झाली.

मामी : मग झालं तर! मिटला वाद.

मावशी : पुढचं ऐक. अशा लोकांपैकी असा डॉक्टर किती जणांना मिळाला होता? शंभरात दोघांनाही नाही. आणि हे टोरांटो-ओटावाच्या ऑन्टारिओत, जिथे डॉक्टरांच्या नोंदणी परिषदेच्या यादीत डॉक्टरला कुठल्या भाषा येतात तेही शोधता येतं. म्हणजे औषध उत्तम, फक्त दुकानात नाही. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांचं काय करायचं, हा माझा प्रश्न आहे.

मामी : शोधायचं! एडिसनला राहणारी माझी भाची बघ. न्यू जर्सीत दगड मारला तर मराठी नाहीतर गुजराथी डॉक्टरला लागेल.

मावशी : न्यू जर्सीत. स्टुटगार्टमध्ये?

स्टुटगार्ट आणि मुंबई ही १९६८पासूनची भगिनी शहरं आहेत, हे मी मधेच सांगून पाहिलं. दोघींनी दुर्लक्ष केलं. पण जर्मनीतही शोधायची सोय आहे. ११६११७ हा तिथला जिवाला धोका नसलेल्या दुखण्यांसाठीचा नंबर. त्याच्या संकेतस्थळावर डॉक्टर शोधताना भाषा निवडता येते. डॉक्टरची वेळ घ्यायच्या ‘डॉक्टोलिब’वर डॉक्टरांच्या माहितीत भाषा लिहिलेल्या असतात. तुर्की, रशियन, अरबी बोलणारे मिळतात. मराठी शोधणाऱ्याला बहुधा इंग्रजीवर किंवा फार तर हिंदीवर भागवावं लागतं. नोंदणीच्या वेळी ‘इंडियन’ म्हटलं की समोरचा आपणहून हिंदी धरून चालतो. आमच्याच जिल्ह्यातल्या सुरगाण्याच्या, कोकणा बोलणाऱ्या म्हातारीला अशा वेळी काय वाटेल, हा विचार तेव्हाच माझ्या डोक्यात आला होता. त्याकडे पुढे येतो.

मामी : आणि तोटा कसला म्हणत होतीस? आपल्या भाषेच्या डॉक्टरचा तोटा?

मावशी : दोन. एक तर आपली माणसं परदेशात मोजकी. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२चं. गणपतीत तिथे जी तोंडं दिसतात तीच वर्षभर सगळीकडे दिसतात. एखाद्या मुलीला गर्भपाताबद्दल विचारायचं आहे, एखाद्याला दारू सुटत नाही, एखादीला झोप लागत नाही आणि जीव द्यावासा वाटतो. ती माणसं शेजारी उभं राहून आरती म्हणणाऱ्या डॉक्टरकडे जातील? कित्येक जण मुद्दाम परक्या डॉक्टरकडे जातात. माझ्याकडे न येणारी मराठी माणसं मला ठाऊक आहेत आणि मला त्याचं वाईट वाटत नाही.

मामी : डॉक्टर कुठे बाहेर सांगतात?

मावशी : सांगत नाहीत. पण ते पेशंटला पटायला हवं ना. आणि दुसरा तोटा मोठा आहे. तू ज्याला मराठी डॉक्टर म्हणतेस तो आजार कुठल्या भाषेत शिकतो? आरोग्य विज्ञान विद्यापीठ इथेच आहे, म्हसरूळला. १९९८पासून राज्यभरातल्या मेडिकलच्या परीक्षा तेच घेतं. पेपर इंग्रजीत, केस मांडायची इंग्रजीत. पेशंटशी बोलायचं तेवढं मराठीत, आणि ते कसं बोलायचं हे आमच्या वेळी कुणी शिकवलंच नाही. मी हाउसमन होते तेव्हा कॅन्सरची बातमी कशी द्यायची, याचा रिवाज होता : पेशंटला ‘थोडी गाठ आहे, औषधानं बसेल’ म्हणायचं, मुलाला व्हरांड्यात बोलावून खरं सांगायचं. इंग्लंडमध्ये गेल्यावर मला समोर बसून, डोळ्यांत बघून, पेशंटलाच सांगायला शिकवलं. आज मला ते इंग्रजीत नीट येतं. मराठीत येत नाही. मराठी पेशंट समोर आला की माझी नजर आपोआप त्याच्या मुलाकडे वळते.

इथे मामी थोडी गप्प झाली. मामाचं आजारपण असंच गेलं होतं. रिपोर्टमध्ये काय आहे ते घरात सगळ्यांना माहीत होतं, मामा सोडून. डॉक्टर आपला, भाषा आपली, आणि ज्याचं दुखणं त्याला सोडून सगळ्यांशी बोलणं झालं. मावशीच्या या मुद्द्याला मामीनं त्या दिवशी उत्तर दिलं नाही. मलाही ते सापडलेलं नाही.

मग मामीनं जे सांगितलं ते आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं.

मामी : तुला म्हणून सांगते. स्टुटगार्टला पोटदुखीसाठी गेले होते ते काही नुसत्या पोटदुखीसाठी नाही. पाळी जाऊन दहा वर्षं झाली, आणि पुन्हा डाग दिसायला लागले. घाबरले होते मी. पण माझ्या आणि डॉक्टरच्या मधे कोण बसलेला? माझा मुलगा. त्याला काय सांगू? म्हटलं, ओटीपोटात दुखतं.

मावशी : आणि डॉक्टरनं पुढे विचारलं नाही?

मामी : विचारलं असणार. काहीतरी जर्मनमध्ये विचारलं. याचे कान लाल झाले. माझ्याकडे न बघता म्हणाला, आई, बाकी काही त्रास? म्हटलं, नाही रे. त्यानं त्याला तेवढंच सांगितलं. गोळ्या घेऊन घरी आलो.

मावशी : वहिनी! पाळी गेल्यावर रक्त दिसलं की ते तपासावंच लागतं. थांबायचं नसतं.

मामी : तपासलं. इथे आल्यावर बाई डॉक्टरकडे गेले. सोनोग्राफी झाली, पिशवीत पॉलिप होता, काढला, तपासायला पाठवला. साधा निघाला. पण तोवर मधे किती आठवडे गेले, आणि रात्री झोप कशी लागत होती ते माझं मला माहीत. म्हणून म्हणते, आपल्या भाषेची बाई डॉक्टर हवी.

मावशी : आणि मी म्हणते, म्हणूनच बाहेरचा दुभाषा हवा! मधे मुलगा नको. अमेरिकेत २००३ साली बालरोगतज्ज्ञांच्या मासिकात एक अभ्यास आला होता. स्पॅनिश बोलणारे आईबाप, इंग्रजी बोलणारा डॉक्टर. अशा तेरा भेटी टेप करून प्रत्येक वाक्य तपासलं. एका भेटीत सरासरी ३१ चुका. त्यांतल्या ६३ टक्के चुकांनी उपचारात फरक पडू शकला असता. आणि ऐनवेळी पकडून आणलेल्या दुभाष्यांत पेशंटचं ११ वर्षांचं भावंडही होतं.

मामी : आणि पगारी दुभाषे? ते चुकले नाहीत?

मावशी : चुकले की. पण त्यांच्या चुकांत घातक कमी, हौशींच्या जास्त. मुलगा चुकतो तो भाषा कच्ची म्हणून नव्हे. त्याची भाषा पक्की असते. त्याला लाज वाटते, किंवा आईला धक्का बसू नये असं वाटतं. दुभाष्याला तुझी लाज वाटत नाही, कारण तू त्याची कुणी लागत नाहीस.

मामी : वन्सं, तुम्हाला सोपं वाटतं. जो कुणी लागत नाही त्याच्यासमोर मी बोलेन असं तुम्हाला वाटतं?

दोघी एकाच घटनेवर बोट ठेवून उलट्या दिशेला निघाल्या होत्या. मला विचाराल तर घटनेत दोघींच्या म्हणण्याइतकाच तिसरा एक मुद्दा आहे : त्या खोलीत भाषेचा भार कुणी उचलला? डॉक्टरनं नाही, दवाखान्यानं नाही. बिचाऱ्या पोरानं उचलला, आणि ज्याला तो पेलणार नव्हता त्यालाच द्यावा अशी तिथली व्यवस्था आहे. जर्मनीत उपचारापूर्वी रुग्णाला कळेल अशा भाषेत समजावून सांगणं डॉक्टरवर कायद्यानं बंधनकारक आहे. २०१३च्या रुग्णहक्क कायद्यानं ते स्पष्ट केलं. पण दुभाष्याचे पैसे? सरकारी आरोग्य विमा सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचे देतो, परभाषेच्या दुभाष्याचे देत नाही. २०२१मध्ये आलेल्या आघाडी सरकारनं आपल्या करारात ते करू म्हटलं होतं. सरकार गेलं, तरतूद झाली नाही.

इंग्लंडमध्ये जी.पी.कडे दुभाषा फुकट मिळतो आणि घरच्यांना मधे बसवू नये अशी सूचना आहे. ऑस्ट्रेलियात टेलिफोनवरची दुभाषा सेवा १९७३पासून सुरू आहे. अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या हॉस्पिटलांना दुभाषा द्यावाच लागतो आणि लहान मुलांकडून दुभाषेगिरी करून घ्यायला तातडीखेरीज मनाई आहे. तिथे मार्च २०२५मध्ये इंग्रजी ही अधिकृत भाषा जाहीर करताना २०००चा एक जुना भाषा-आदेश रद्द झाला. त्यामुळे आमच्या बाकावर बरीच घबराट झाली होती. पण १९६४चा नागरी हक्क कायदा आणि २०१०च्या आरोग्य कायद्यातलं याबद्दलचं कलम, दोन्ही जागच्या जागी आहेत. मागणाऱ्याला मागता येतं. आपली माणसं मागत नाहीत, ‘उगाच कशाला त्रास’ म्हणून.

मामी : आनंदीबाई जोशींनी काय सांगितलं होतं? मी दरवर्षी वर्गात सांगायचे. १८८३च्या फेब्रुवारीत अमेरिकेला निघण्याआधी बंगालात सेरामपूरच्या कॉलेजात त्यांनी भाषण केलं. लोक विचारत होते, युरोप-अमेरिकेहून इथे बाई डॉक्टर आल्यात की, तू कशाला जातेस? त्यांचं म्हणणं, त्या बायका परक्या आहेत, त्यांच्या चालीरीती वेगळ्या, भाषा वेगळी. म्हणून आपल्या बायकांना त्यांचा हवा तसा उपयोग होत नाही. सव्वाशेहून जास्त वर्षं झाली. माझं आणि त्यांचं म्हणणं एकच आहे.

मावशी : त्यांचं पुढचंही बघ ना. पेशंटनं इंग्रजी शिकावं असं त्या म्हणाल्या नाहीत. स्वतः गेल्या, न्यू जर्सीत रोझेलला कार्पेंटरबाईंच्या घरी राहिल्या, फिलाडेल्फियात इंग्रजीत शिकल्या, १८८६ला डॉक्टर झाल्या. ओझं डॉक्टरनं उचललं, पेशंटनं नाही. मी तेच म्हणतेय.

मामी : आणि कोल्हापूरच्या हॉस्पिटलात बायकांच्या वॉर्डाची जागा मिळाली, ती सांभाळायच्या आधीच गेल्या. १८८७, फेब्रुवारी. अवघ्या एकवीस वर्षांच्या. एकाही बाईशी त्या वॉर्डात मराठीत बोलायला मिळालं नाही त्यांना.

मावशी : हो.

मामी : ओझं उचलायचं म्हणतेस तर समोरच्या विंगमधली मुलगी बघ. नर्स आहे, सध्या जर्मन शिकतेय. महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या त्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी २०२४ला करार केला ना, माणसं पाठवायचा. तिला बी-टू पातळी पार करायची आहे म्हणे.

मावशी : डॉक्टर असती तर आणखी कठीण. तिथे डॉक्टरांची वेगळी भाषा-परीक्षा असते. पहिली वीस मिनिटं पेशंटशी बोलून त्याची हकिगत काढायची, पुढची वीस मिनिटं ती लिहायची, शेवटची वीस मिनिटं वरिष्ठ डॉक्टरला सांगायची. जर्मन म्हाताऱ्याला त्याच्या भाषेत बोलणारं माणूस मिळावं म्हणून एवढी खटपट.

मामी : मग नाशिकच्या म्हातारीसाठी त्यांनी मराठी का शिकू नये?

यावर मावशी मनापासून हसली, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. कारण तो नाशिकलाही विचारता येतो. सुरगाणा, पेठ, हरसूल या भागातून जिल्ह्याच्या गावी रेफर होऊन येणारी बाई कोकणा किंवा वारली बोलते. समोर बसलेला रेसिडेंट कदाचित केरळचा किंवा राजस्थानचा असतो. सरकारी कॉलेजांतल्या पदव्युत्तर जागांपैकी निम्म्या अखिल भारतीय कोट्यातून भरतात, त्यात गैर काही नाही. तो मुलगा सहा महिन्यांत कामापुरतं मराठी शिकतोही. पण त्या बाईचं मराठी त्यानं शिकलेल्या मराठीसारखं नसतं. मग मधे कोण बसतं? गावाहून बरोबर आलेली आशाताई, नाहीतर वॉर्डातली मावशी. आपल्या हॉस्पिटलांत वॉर्डबॉयला मामा आणि आयाबाईला मावशी म्हणतात, आणि नाशिकसारख्या ठिकाणी खरा दुभाषा तीच असते. चादर बदलता बदलता ती डॉक्टरला सांगते, ‘तिला जुलाब नाहीत सर, ती म्हणते चक्कर येते.’ या कामाचा तिला एक रुपया मिळत नाही. तिच्या नेमणुकीच्या कागदावर हे काम नाही. परदेशात आपल्याला दुभाषा का मिळत नाही म्हणून आपण बाकावर बसून हळहळतो, आणि साठ-सत्तर किलोमीटरवरून आलेल्या बाईला इथे तो मिळावा असं आपल्याला सुचतही नाही. माझ्या लेखी या वादातलं सगळ्यात टोचणारं टोक हे आहे. दोघींनी ते मान्य केलं आणि लगेच पुन्हा जर्मनीवर आल्या.

मामी : मला सरळ मार्ग दिसतो. आपल्या डॉक्टरांना इथूनच व्हिडिओवर विचारायचं. माझ्या ओळखीतले सगळे तेच करतात.

मावशी : सल्ला म्हणून विचार. पण २०२०मध्ये आपल्या सरकारनं टेलिमेडिसिनची जी नियमावली काढली, ती भारताबाहेरच्या पेशंटला लागू नाही, असं तिच्यातच लिहिलंय. आणि त्यांनी लिहिलेली चिठ्ठी तिथला औषधवाला घेणार नाही. म्हणून तुम्ही मग बॅगेत अर्धं मेडिकल घेऊन जाता. बरं, गोळ्यांची नावं तरी कशी लिहून नेतेस? ब्रँडची. ती तिथे कुणाला कळत नाहीत. टेल्मा लिहू नकोस, टेल्मिसार्टन लिही, किती मिलिग्रॅम ते लिही. पॉलिपचा रिपोर्ट इंग्रजीत आहेच, तो वरती ठेव.

मामी : आणि बोलणार कोण?

मावशी : वेळ घेतानाच विचारायचं, व्हिडिओवर दुभाषा मिळेल का, पैसे किती. आयत्या वेळी नाही. दुप्पट वेळ मागायचा, कारण सगळं दोनदा बोललं जातं. बोलताना दुभाष्याकडे नाही, डॉक्टरकडे बघायचं. एका वेळी एक वाक्य. आणि मोबाइलमधलं भाषांतर पत्ता विचारायला ठीक. ऑपरेशनच्या कागदावर सही करताना त्याच्या भरवशावर राहायचं नाही.

मामी : आणि हिंदीवाला दिला तर? आणि तोही पुरुष?

मावशी : बाई मागायची. मराठी मागायची. ‘हिंदी चालेल’ असं म्हणायचं नाही, नाहीतर तेच देतात.

मामी : एवढं सगळं करण्यापेक्षा तूच ये ना फोनवर. मराठी आहेस, बाई आहेस, डॉक्टर आहेस.

मावशी : वहिनी, मी घरची आहे. आत्ता तासभर काय सांगतेय मी तुला?

मामी : मुलगा लाजला. तुम्ही लाजाल, वन्सं?

मावशी : ...लाजणार नाही. पण मी तुझं जे आहे ते सगळं सांगणार, आणि डॉक्टरचंही सगळं तुला सांगणार. वाईट असलं तरी. मागाहून रडायचं नाही.

मामी : रडेन. पण कळेल तरी.

मावशी : आणि पोराला खोलीबाहेर बसवायचं.

मामी : बसवेन.

मावशी : वेळ आधी कळव. तुम्ही तिकडे आमच्या एक तास पुढे असता, आणि सकाळी माझी ओपीडी असते.